मुठीवरची तीन पानं

बायको गेल्यावर वर्षभरानं मी लातूरच्या घरातली लोखंडी पेटी उघडली. मी निवृत्त शिक्षक. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं सगळी आवराआवर माझ्याच वाट्याला आली. पेटीच्या तळाशी जुन्या धोतरात गुंडाळलेली वडिलांची जपानी तलवार होती.

वडील दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात फौजेच्या ट्रकवर ड्रायव्हर होते. जपानी शरण आले तेव्हा त्यांचे अधिकारी एकेक करून पुढं येत आणि टेबलावर आपली तलवार ठेवत. त्यातली एक साहेबानं वडिलांना दिली. एवढंच ते सांगायचे. मी कॉलेजात असताना एकदाच पुढचं बोलले, "ठिवायच्या आधी त्या जपान्यानं मुठीवरून आंगठा फिरविला. लई येळ. मला वाटलं, देतोय का न्हाई."

पात्याला गंज चढला होता. चादरीत गुंडाळून एसटीनं नांदेडला नेली. तिथं जुन्या गावात एक म्हातारे शिकलगार आहेत, तलवारींना धार आणि चकाकी देणारे. त्यांनी मुठीतली बांबूची खुंटी काढली आणि मूठ उतरवली. आत कारागिराचं नाव नव्हतं, नुसता ठोकलेला नंबर होता.

"गुरुजी, ही कारखान्यातली हाय. अशा लई बनल्या असतील." मग मुठीचं टोक ओल्या राखेनं घासत ते थांबले. "पर हे बघा. मूठ न् पात्याच्या मधल्या आडव्या चकतीवरची फुलं सरकारी. हे चांदीचं मात्र कुणीतरी मागून बसवून घेतलंय. खानदानाचं निशाण असंल."

बोटाच्या पेराएवढ्या चांदीवर बदामाच्या आकाराची तीन पानं होती.

मी फोटो काढले, तलवार साफ करायला त्यांच्याकडंच ठेवली आणि जपानमधल्या एका संग्रहालयाला पत्र लिहिलं. त्या अधिकाऱ्याच्या घरातलं कुणी असेल तर तलवार परत द्यावी, असं मनात होतं. दीड महिन्यानं तिथल्या एका बाईंचं उत्तर आलं. ते पान आंबुशीचं होतं. आपल्याकडं बांधावर, कुंडीत उगवते तीच आंबट आंबुशी. कितीही उपटली तरी ती पुन्हा फुटते, म्हणून आपला वंश टिकावा या इच्छेनं अनेक घराण्यांनी ती निशाणी घेतली. इतक्या घराण्यांनी, की नावाशिवाय हे घर सापडणं शक्य नाही. त्यांनी माफीही मागितली होती.

पत्र मी दोनदा मोठ्यानं वाचलं. घरात ऐकायला कुणी नव्हतं. त्या अधिकाऱ्यानं अंगठा कशावरून फिरवला, हे वडिलांना कळलं नव्हतं, आणि आता सांगायला वडीलही नव्हते.

तलवार आणायला गेलो तेव्हा शिकलगारांना सगळं सांगितलं. ते पातं पुसत ऐकत होते.

"तुमच्यामागं कोन बघनार हिच्याकडं?"

"कुणी नाही."

"मलाबी पोरीच. सगळ्या हैदराबादला." त्यांनी तेलाची बाटली पुढं सरकवली. "तीन महिन्याला तेल लावा. न्हाई जमलं तर घेऊन या."

जमण्यासारखंच काम आहे ते, दहा मिनिटांचं. तरी दर तीन महिन्यांनी मी तलवार घेऊन सकाळची नांदेडची गाडी पकडतो. तेल शिकलगारच लावतात. मग आम्ही दोघं दुकानाच्या पायरीवर बसून चहा पितो.