चिठ्ठी नसलेली बाई

स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर माझी लेक राहते, त्या गावाच्या सभागृहात जुने फोटो लावले होते. त्यांत हेरिंग नावाचे मासे साफ करणाऱ्या बायका रांगेनं उभ्या होत्या. जखमांना मीठ झोंबू नये म्हणून बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या. मालवणच्या किनाऱ्यावर माझी आई बांगडे खारवायची, तेव्हा अशाच चिंध्या बांधायची.

तिथली एक रीत मला भलतीच खुपली. फोटोतली बाई ज्याला ओळखू येईल, त्यानं तिचं नाव चिठ्ठीवर लिहून खाली टाचायचं. ही कुणाची पणजी, ती कुणाची मावशी. मासे चिरणाऱ्या बायकांचा एवढा थाट! माझा नुसता जळफळाट झाला.

माझी आईही हेच काम करायची, असं मी बोलून गेले, तेव्हा फोटो दाखवणाऱ्या आजीबाई प्रेमानं म्हणाल्या, "तुमच्या आईचा फोटो पाठवा ना, तोही लावू."

कुठून पाठवू? कुणी कॅमेरा रोखला की आई पाठ फिरवायची. "फोटो कसलो काढतंस, बांगडे नासतले!"

मी शेवटच्या फोटोपाशी गेले. त्यात सगळ्याजणी समोर बघून हसत होत्या. कडेची एकटीच पाठमोरी, पिंपावर वाकलेली. तिच्याखाली चिठ्ठी नव्हती.

"हिला अजून कुणी ओळखलं नाही," आजीबाई म्हणाल्या.

यांच्याकडे एवढे चेहरे होते. ही एक पाठ मी त्यांना द्यायला तयार नव्हते. मी पेन्सिल मागून घेतली आणि चिठ्ठीवर आईचं नाव मराठीत लिहिलं.