फोटोपुरते हात जोडा

"मावशी, तुमच्या अंगावर आहे तेवढं सोनं माझ्या बायकोकडेसुद्धा नाही. आणि तुम्ही आमच्याकडे नुकसानभरपाई मागता?"

रिसॉर्टचा वकील असं म्हणाला आणि खोलीतले सगळे हसले. मॅनेजर हसला. चहा घेऊन आलेला माणूस हसला. माझ्या शेजारी माझा वकील बसला होता, फी घेतलेला. तोही हसला. माझा उजवा हात टेबलावर होता. त्याची तीन बोटं आकडली आहेत. ती सरळही होत नाहीत आणि पुरती मिटतही नाहीत. अंगठा आहे, पण त्यात जोर नाही. त्या हातासाठीच तर आम्ही रिसॉर्टच्या ऑफिसात जमलो होतो. पण हाताकडे कोणी बघत नव्हतं. सगळे माझ्या गळ्याकडे बघत होते.

मी अर्नाळ्याची कोळीण. किल्ल्याच्या बेटावर आमचं घर आणि धंदा विरारला, मनवेलपाड्यात. तिथे एका बिल्डिंगच्या गेटाजवळ मी पाटी घेऊन बसते. आमच्यात बाई महत्त्वाच्या कामाला निघाली की अंगावर सोनं घालून निघते. लग्न असो, पालखी असो, नाहीतर बँकेतलं काम. त्यात मिरवणं आहेच, खोटं कशाला बोलू? पण माझं सोनं बापाने दिलेलं नाही की नवऱ्याने केलेलं नाही. बोंबील, मांदेली, करंदी विकून एकेक डाग मी केला. पावसाळ्यात मासेमारी बंद झाली की हे डाग सोनाराकडे गहाण जातात आणि दर्या उघडला की सोडवून आणते. त्या दिवशी मी माझ्या हाताचा हिशोब मागायला निघाले होते. त्याहून महत्त्वाचं काम कुठलं? म्हणून नवी साडी नेसले, होतं ते सगळं घातलं, केसांत अबोली माळली. आणि ह्यांना वाटलं, हिला काय कमी आहे!

अपघात असा झाला. सकाळची वेळ होती. बेटावरून किनाऱ्याला येणाऱ्या होडीत आम्ही बायका आणि आमच्या पाट्या. मी कडेला, काठ धरून बसले होते. रिसॉर्टची मोटारबोट पर्यटकांना घेऊन आमच्याभोवती गिरक्या मारत होती. पाणी उडालं की आतले लोक किंचाळायचे, ते किंचाळले की चालवणाऱ्याला आणखी चेव चढायचा. आमचा होडीवाला ओरडला, "लांब घे रे, लांब घे!" मोटारबोटवाल्याने आणखी जवळ घेतली. त्यांचा काठ आमच्या काठावर आदळला आणि मधे माझा हात सापडला. आवाज मी ऐकला. तो कसा होता ते मी कोणालाच सांगत नाही.

दोन ऑपरेशनं झाली. हातातल्या पाटल्या त्यात गेल्या, त्या आता परत येणार नाहीत. मासळी मी डाव्या हाताने तोलून देते, पण कापायला उजवाच लागतो. बिल्डिंगमधल्या बायकांना मासळी साफ करून हवी असते. सुरमईच्या तुकड्या कोण करणार? "मावशी, आज राहू दे हां," म्हणतात आणि पुढच्या कोळिणीकडे जातात. माझ्यासमोर बसून ती त्यांना कापून देते. मी माश्या वारत बसते. त्या बायकांचा मला राग येत नाही. त्यांनी काय माझ्यासाठी अख्खे मासे घरी न्यायचे?

राग येतो तो रिसॉर्टवाल्यांचं बोलणं आठवलं की. होडीत माणसं जास्त होती, म्हणे. समुद्रात कोणाची वाट ठरलेली नसते, म्हणे. आणि बाईने हात बाहेर का ठेवला? होडीत बसलेलं माणूस काठ नाही धरणार तर काय धरणार? मोटारबोट चालवणाऱ्याला तर त्यांनी लगेच त्याच्या गावी पाठवून दिलं होतं. पोलिसांनी विचारलं तेव्हा तो कुठला, हेही कोणाला सांगता येईना.

त्या दिवशी खोलीतून बाहेर पडल्यावर माझा वकील माझ्यावरच उखडला. "असं नटून यायचं असतं का? पुढच्या वेळी जुनी साडी नेसा. गळा मोकळा ठेवा. हात असा उघडा टाकून बसा, आणि दोन टिपं गाळलीत तर उत्तमच. समोरच्याला दया आली पाहिजे."

"दया कशाला? हात त्यांनी मोडला ना?"

"मावशी, कायदा मला शिकवू नका."

घरी नवऱ्यानेही त्याचीच री ओढली. "काढ ना घडीभर. कोन बघतंय? त्यात तुझं काय जातं?" तो वाईट माणूस नाही. दवाखान्यात माझा हात बघून माझ्याआधी तो रडला होता. पण माझं काय जातं, ते त्याला सांगायला मला शब्द सापडेनात. मी सगळं उतरवलं. मंगळसूत्र तेवढं ठेवलं. घरी भांडी घासताना नेसते ती साडी नेसले आणि आरशात न बघता निघाले.

ह्या खेपेला आम्हाला खोलीत नेलं नाही. रिसॉर्टच्या हिरवळीवर बोलावलं होतं. मागे त्यांच्या नावाचा मोठा फलक, पुढे मोबाइल रोखून उभी असलेली एक मुलगी आणि मॅनेजरच्या हातात दारापेक्षा रुंद असा पुठ्ठ्याचा चेक. मॅनेजर एकदम गोड झाला होता. "मावशी, आम्ही तुम्हाला माणुसकी म्हणून मदत करतोय. चूक कोणाची, ते आता कशाला उगाळायचं?" माझ्या वकिलाने सहीचा कागद पुढे केला आणि पेन माझ्या डाव्या हातात दिलं. मी सातवी शिकलेली आहे, वाचता येतं मला. मला मदत मिळाली, माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही, असं त्यात लिहिलं होतं. भरपाई हा शब्द कुठेच नव्हता. मोटारबोटीचं तर नावही नव्हतं, जणू हात मी घरात बसून मोडून घेतला.

"सही करा आणि विषय संपवा," वकील माझ्या कानाशी म्हणाला.

"आधी फोटो," मोबाइलवाली मुलगी म्हणाली. "मावशी, फोटोपुरते हात जोडा ना. आणि सरांकडे बघा."

मी पेन कमरेला खोचलं आणि हात जोडले. खरंच जोडले. एवढ्या माणसांनी गराडा घातला की माणूस सांगतील ते करतो. डावा पंजा सरळ उभा राहिला. उजवा त्याला टेकला आणि वाकडाच राहिला. मुलीने तोंड वाकडं केलं. "नीट जोडा ना, विचित्र दिसतंय." मॅनेजरने चेक बाजूच्या टेबलावर आडवा ठेवला, पुढे आला आणि माझी आकडलेली बोटं धरून सरळ करायला लागला. कळ थेट खांद्यापर्यंत गेली. मी ओरडले.

"सॉरी, सॉरी," तो म्हणाला. "राहू दे. तो हात पदराखाली घ्या."

पदराखाली! माझं डोकंच फिरलं. ज्या हातावर त्यांच्या बोटीचा काठ आदळला, तोच हात त्यांना फोटोत नको होता. त्यांना फक्त माझी मान हवी होती, खाली गेलेली. मी पेन काढून त्या पुठ्ठ्याच्या चेकवर ठेवलं आणि उजवा हात मुलीच्या मोबाइलसमोर धरला.

"फोटो काढायचाय ना? ह्याचा काढ."

तिने मोबाइल खाली घेतला.

"काढ ना. आता का नाय काढत?" मग मी मॅनेजरकडे वळले. "मी मदत मागायला आले नाय. सही नाय करनार."

वकील मागून हाका मारत होता, "मावशी, वेडेपणा करू नका!" मी थांबले नाही. फाटकाबाहेर आल्यावर मात्र मी स्वतःकडे बघितलं. मला माझ्या साडीची लाज वाटली, मोकळ्या गळ्याची लाज वाटली, जोडलेल्या हातांची वाटली. मग त्या लाजेचाच राग आला. लाज मला का वाटावी? मी कोणाच्या अंगावर बोट घातली होती?

वकिलाने फाइल परत दिली, फी नाही दिली. नवरा कितीतरी दिवस माझ्याशी धड बोलत नव्हता. मनवेलपाड्यातल्या एका गिऱ्हाईक बाईने सांगितलं की वसईच्या कोर्टात मोफत वकील देतात. मी गेले. नेहमीसारखी सोनं घालून, तयार होऊन गेले, पण तिथल्या खोलीत शिरताना पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून घेतला. टेबलामागच्या बाईंनी नाव, गाव विचारलं, काय झालं ते विचारलं. सगळं सांगून झाल्यावर मी म्हणाले, "बाई, उत्पन्नाचा दाखला नाय आनला मी. आनि आमी तशी अगदीच भिकारी नाय."

"त्याची गरज नाही," त्या म्हणाल्या. "बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही. गरीब असो नाहीतर श्रीमंत, कायद्याने तिला वकील मिळतो."

मी पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आता जरा वैतागून. मी पदर सोडला. इतके महिने सगळ्यांनी मिळून माझ्याकडून मी किती गरीब, किती बिचारी, ते वदवून घ्यायचा खटाटोप केला होता. हे एक वाक्य माझ्या पैसे घेणाऱ्या वकिलाने कधी सांगितलं नव्हतं. जे माझ्या हक्काचं होतं, ते मागायला त्याने मला रडायला सांगितलं होतं.

आता दावा दाखल आहे. म्हणजे नुसता आहे. तारीख पडते आणि त्यांचा वकील येत नाही. आला तर मुदत मागतो. तारखेच्या दिवशी धंदा बुडतो. होडीने किनाऱ्याला या, तिथून बस धरा, कोर्टाच्या व्हरांड्यात दुपार काढा आणि पुढची तारीख घेऊन घरी या. माझी नवी वकीलबाई मन लावून काम करते, पण तिच्या हातात तरी काय आहे? इकडे त्यांची मोटारबोट रोज फिरते. आमच्या होडीला तशाच गिरक्या मारते. आम्ही बायका आता काठाला बसत नाही, मधोमध एकमेकींना चिकटून बसतो.

परवा किनाऱ्यावरच्या अर्नाळा गावातून आमच्यातलेच एक जाणते काका घरी आले. मच्छीमार सोसायटीत त्यांचा शब्द चालतो. चटईवर बसले आणि म्हणाले, "ते लोक आकडा वाढवायला तयार हायत. आपली पोरं त्यांच्याकडे कामाला हायत, कशाला वैर? किती घेशील ते सांग."

नवरा माझ्याकडे बघत होता. ह्या वेळी तो मधे बोलला नाही.

"काका, त्यांना सांगा, आधी कोर्टात लिहून द्या, चूक आमच्या बोटीची होती. होडीच्या वाटेवर बोट आननार नाय, ते पन लिहा. मंग आकडा बोला."

"ते नाय लिहिनार, पोरी."

"मंग माझ्याकडे परत येऊ नका."

काका उठले. वडीलधारं माणूस बेटावर आलं की परत जाताना त्याला होडीपर्यंत पोचवायला जायचं, अशी आमची रीत आहे. मी जागची हलले नाही.

ते लिहिणार नाहीत, हे मलाही कळतं. त्यांनी नाही लिहिलं तर न्यायाधीशाने लिहावं. त्याने नाही लिहिलं तर वरच्या कोर्टात जाईन. मी थकून जाईन, अशी त्यांची समजूत आहे. थकले तर मी आत्ताच आहे. पण तारीख एकही चुकवणार नाही.