गुरुवारची सुट्टी

रेहाना आपा गेल्या तो गुरुवार होता. भोसरीत आम्हा कारखानेवाल्यांना सुट्टी गुरुवारी, म्हणून मी घरीच होते. त्यांचा धाकटा भाऊ दारात येऊन म्हणाला, "ताई, आपा गेली..." आता त्यांचा चाळिसावा दिवसही होऊन गेला.

आपा आमच्याच मजल्यावर राहायच्या. कंपनीत कॉम्प्युटरचं काम करायच्या आणि उरल्या वेळात चार-पाच ओळखीच्याही नसलेल्या माणसांबरोबर मोबाइलमधलं, शिफ्टप्रमाणे गजर देणारं घड्याळ बनवायच्या. फुकट, आणि उघडं. म्हणजे त्याची आतली रचना कोणीही बघावी, चूक सांगावी, दुरुस्त करावी. माझ्या फोनवर ते त्यांनीच घातलं. एका रविवारी गजर वाजलाच नाही आणि माझा खाडा झाला. सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला, "तुझ्यासाठी लाइन थांबवू का?" मी आपांना भीत भीत सांगितलं, माझंच काही चुकलं असेल. त्यांनी फोन पाहिला आणि कपाळावर हात मारला. "अगं सुनंदा, आम्ही रविवारी सगळ्या जगाला सुट्टी देऊन टाकली. मी भोसरीत जन्मले, आणि मलाच सुचलं नाही. आता हे तू लिही."

"मी चौथी शिकलेली, आपा."

"मग चौथीच्या अक्षरात लिही."

वहीच्या पानावर मी चार ओळी लिहिल्या. आपांनी त्या माझ्या नावाने, जशाच्या तशा त्यांच्या मंडळींच्या पानावर टाकल्या. संध्याकाळी एकाचं उत्तर आलं, "बहुतेकांना रविवारीच सुट्टी असते. ही चूक नाही." आणि त्याने विषय बंद केला. मी म्हटलं, जाऊ द्या आपा. त्यांनी जाऊ दिलं नाही. त्यांनी लिहिलं, "विषय पुन्हा उघडते आहे. नवीन माणूस आलं की आधी नावाने नमस्कार, मग उत्तर. जिचा खाडा झाला तिला विचारल्याशिवाय ही चूक नाही, असं इथे कोणी ठरवायचं नाही."

पंधरा दिवसांत सुट्टीचा वार आपला आपण निवडता येऊ लागला. बनवणाऱ्यांच्या यादीत शेवटी माझं नाव आलं. नवरा हसून म्हणाला, "तू काय केलंस गं त्यात?" मी म्हटलं, "खाडा." पुढे आपांनी बंद झालेला विषय उघडण्याची परवानगीही माझ्या नावे करून दिली. ती मी कधी वापरली नव्हती.

मागच्या आठवड्यात चाकणच्या मंगल नावाच्या बाईने लिहिलं, की तिची सुट्टी दर आठवड्याला बदलते आणि घड्याळ ते घेतच नाही. उत्तर आलं, "आधी नियम वाचा, मग लिहा." विषय बंद. मी दोन दिवस वाट पाहिली, कोणीतरी उघडेल म्हणून... उघडणारी तर गेली होती. मग एका बोटाने मीच लिहिलं, "नमस्कार, मंगलताई. बरं झालं आलात. चूक तुमची नाही, आमची आहे. विषय पुन्हा उघडते आहे."

विषय बंद करणाऱ्याने लगेच विचारलं, "आपण कोण?"

"यादीत शेवटचं नाव बघा," मी लिहिलं. "आणि आधी मंगलताईंना नमस्कार करा."

त्याने केला.

आज रविवार. साडेपाचला गजर झाला. मी फोन घेऊन बाहेर आले, आपांच्या कुलूप लागलेल्या दारापाशी थांबले आणि तो पूर्ण वाजू दिला.