मोघेकाकांची पोचे पडलेली गाडी

पुण्यात राहून स्वतःहून चूक कबूल करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या खालच्या मजल्यावरचे मोघेकाका. आम्ही बिबवेवाडीतल्या या सोसायटीत राहायला आलो, त्या दिवशी हमालांनी आमचं कपाट जिन्याच्या वळणावर पक्कं अडकवून ठेवलं होतं. खालून पांढरा सदरा घातलेले, जाड चष्म्याचे एक गृहस्थ वर आले, कपाट निरखलं आणि म्हणाले, "माझंच चुकलं. जिना अरुंद आहे हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं." मी त्यांना त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं.

पुढे कळलं की हे नेहमीचंच. पाणी गेलं, कुणाच्या मांजरानं कुणाचं दूध सांडलं, गणपतीच्या मीटिंगमध्ये हमरीतुमरी झाली, की काकांचं "माझंच चुकलं" तयार. सरकारी कचेरीत या माणसानं अख्खी नोकरी कशी काढली असेल, याचं मला नवल वाटायचं. मी त्यांच्या बरोबर उलट. रिक्षावाला असो की सोसायटीचा सेक्रेटरी, भांडण जिंकल्याशिवाय मला चैन पडत नाही. "सुजाता, तू वकील व्हायला हवी होतीस," काका म्हणायचे. मी ते कौतुक समजत असे.

काकूंना विस्मरणाचा आजार होता. घरात त्या काकांना ओळखत नसत. हे कोण गृहस्थ, सारखे माझ्या खोलीत का येतात, असं मलाच विचारायच्या. काका निमूट बाहेर जाऊन बसायचे. पण रोज संध्याकाळी ते त्यांना आपल्या जुन्या पांढऱ्या गाडीतून फिरायला न्यायचे, आणि पुढच्या सीटवर टेकल्या की काकू वेगळ्याच होऊन जात. सीटची कव्हरं त्यांनीच कधीतरी जुन्या निळ्या चादरीची शिवली होती. त्या शिवणीवरून बोट फिरवत त्या म्हणायच्या, "अहो, आज उशीर केलात?" गाडी सारसबागेवरून नारायण पेठेकडे निघायची. तिथे काकूंचं माहेर होतं. "अहो, उजवीकडे घ्या ना, तात्या जेवायचे थांबले असतील." काकूंच्या डोक्यातलं पुणे वन-वे व्हायच्या आधीचं होतं. काका मोठा वळसा घालून त्यांना त्या गल्लीत नेऊन आणायचे आणि उशीर झाल्याबद्दल माफी मागायचे. दिवसातला तेवढाच वेळ त्यांना बायको भेटायची. हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही, पण एकदोनदा मी मागच्या सीटवर होते. मला दिसलं.

एप्रिलमधल्या एका संध्याकाळी ते फिरून येत असतानाच आभाळ भरून आलं. काकांनी गाडी फाटकाजवळ उघड्यावर उभी केली, काकूंना वर सोडावं आणि मग गाडी शेडखाली घ्यावी म्हणून. जिन्यात काकूंनी त्यांचा हात काही सोडला नाही. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. लिंबाएवढ्या गारा, पत्र्यावर नुसता धडधडाट. थांबल्यावर खाली जाऊन पाहतो तर गाडीची पुढची काच फुटून आत सांडलेली आणि टपावर, बॉनेटवर पोचेच पोचे.

"माझंच चुकलं," काका म्हणाले.

"काका, गारा तुम्ही पाडल्यात का?" मी म्हणाले. "इन्शुरन्स आहे ना? मग सोडा माझ्यावर."

तिथून ते प्रकरण मी हातात घेतलं. खरं सांगायचं तर मला हुरूप आला होता. इन्शुरन्स कंपनीशी भांडायची संधी रोज थोडीच मिळते. पण काकांसारखा अशील कुणाला मिळू नये. सर्व्हेअर गॅरेजमध्ये येऊन पोच्यांचे फोटो काढू लागला, तर काका त्याच्या मागे मागे. "हा घेऊ नका साहेब, हा गारेचा नाही. लक्ष्मी रोडवर हातगाडी लागली होती, तिचा आहे. माझंच लक्ष नव्हतं." तो पोरगा बिचारा चक्रावून गेला. क्लेम वाढवून सांगणारे त्याला रोज भेटत असतील, कमी करून सांगणारा पहिलाच.

त्यावर कडी म्हणजे कंपनीचा फोन. गाडी शेडखाली का नव्हती, असं पलीकडच्या मुलीनं विचारलं. काका म्हणाले, "गलती मेरी ही है, बेटा." फोन रेकॉर्ड होत होता. चार दिवसांनी कंपनीनं कळवलं, की ग्राहकानं निष्काळजीपणा मान्य केल्यामुळे क्लेमचा पुन्हा विचार करावा लागेल. मी काकांवर चिडले. "यापुढे कंपनीचा असो की गॅरेजचा, एकही फोन तुम्ही उचलायचा नाही. माझा नंबर देते मी सगळीकडे." काकांनी मान डोलावली.

गॅरेजवाल्या इक्बालभाईंना काकांनी एकदाच हळूच विचारलं होतं, "नुसती काच बसवून गाडी देता येईल का? पोचे राहू देत. संध्याकाळी जरा लागते हो गाडी." इक्बालभाई म्हणाले, "उद्या देतो की काका." मीच मध्ये पडले. "अहो काका, क्लेम एकदा केला की नो क्लेम बोनसची सूट जायची ती जाणारच. मग काचेवर का भागवायचं? टप, बॉनेट, रंग, सगळं करून घ्या. इतकी वर्षं हप्ते कशाला भरलेत?" काका म्हणाले, "तू म्हणतेस तसं."

भांडण लांबलं. मी ई-मेल केले, तक्रारी केल्या, वरच्या साहेबाच्या वरच्या साहेबापर्यंत गेले. इकडे संध्याकाळ झाली की काकू चप्पल घालून दाराशी बसायच्या. काका रिक्षा आणायचे, पण रिक्षात काकू त्यांच्याकडे पाठ करून बसत. नंतर नंतर त्यांनी दाराशी बसणंही सोडलं. मला हे रोज जाता-येता दिसत होतं. तरी माझ्या डोक्यात एकच, कंपनीला नमवायचं. आणि नमवलंच. क्लेम पूर्ण मंजूर झाल्यावर मी घरी पेढे आणले होते, आज सांगायलाही लाज वाटते.

काम सुरू झाल्यावर गॅरेजमधून इक्बालभाईंचा फोन आला. मी ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "ताई, सीट कव्हरमध्ये काचेचा चुरा घुसलाय. धुऊन निघायचा नाही. टाकून देऊ? माझ्याकडून नवीन घालतो." भला माणूस, स्वतःच्या खिशातून घालत होता. मी म्हणाले, "टाका."

गाडी आली ती अगदी शोरूममधून आल्यासारखी. वॉचमनसुद्धा बघायला आला. काका काकूंना हाताला धरून खाली घेऊन आले. मी दार उघडून धरलं. काकूंनी आत वाकून पाहिलं, करड्या रंगाच्या गुळगुळीत सीटवर बोट फिरवलं आणि हात मागे घेतला. "ही आपली नाही. लोकांच्या गाडीत बसायचं नसतं." काकांनी नाना परींनी समजावलं. त्या रडायला लागल्या, तेव्हा ते त्यांना वर घेऊन गेले.

मी धावत गॅरेजला गेले. कव्हरं केव्हाच कचऱ्यात गेली होती. परत येऊन काकांसमोर उभी राहिले. म्हटलं, "काका, मी टाका म्हणाले. तुम्हाला न विचारता." मला वाटलं, निदान आता तरी हा माणूस रागावेल. मला टाकून बोलेल, मग मी रडेन, आणि माझं ओझं उतरेल. तर ते म्हणाले, "तुझी काय चूक? सगळे फोन तुझ्यावर टाकून मी घरी बसलो. माझंच चुकलं." आणि आत जाऊन चहा टाकला. मी तो चहा प्यायले. एवढ्या लोकांशी भांडले मी, पण माझी चूक माझ्याकडेच राहू द्या, एवढं काही मला त्यांच्याशी भांडता आलं नाही.

काकांनी तशीच चादर शोधून नवी कव्हरं शिवून घेतली. काकूंनी ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या सीटवर त्या पुन्हा कधी बसल्या नाहीत. त्या वर्षीच त्या गेल्या आणि मागच्या दिवाळीनंतर काकाही गेले. पोचे पडलेली गाडी रस्त्यात दिसली की आजही मी थांबून बघते. लोक त्या गाडीला नावं ठेवतात. मला ती तशीच राहावीशी वाटते.

काकू जायच्या आधी एकदाच त्या गाडीत बसायला तयार झाल्या होत्या. कुणी बाई सोबत असेल तर येईन, म्हणाल्या. म्हणून मी गेले. त्यांनी मला पुढे बसवलं आणि स्वतः पर्स मांडीवर घेऊन मागे बसल्या, भाड्याच्या गाडीत बसतात तशा. काका त्यांना नेहमीच्याच रस्त्यानं नेत होते. टिळक रोडच्या सिग्नलला काकू पुढे झुकल्या.

"ड्रायव्हर, आमच्या घरी सांगू नका हं, मी अशी बाहेर पडले ते. आमचे हे ऑफिसातून येतील आणि मला घरभर शोधत बसतील. फार जीव आहे हो त्यांचा माझ्यावर."

सिग्नल सुटला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवायला लागल्या. मी काकूंच्या जागेवर बसले होते आणि शेजारी वळून पाहायची माझी हिंमत होत नव्हती.

"नाही सांगणार, बाई," काका म्हणाले.