वार्निशचा रिकामा डबा

मराठवाड्यातल्या झाडून सगळ्या वस्तूंना एकदा तरी थप्पड मारून पाहिलेला माणूस एकच आहे, आणि तो माझ्या ताईचा दीर आहे. मी त्यांना दाजी म्हणतो. अहमदपूरच्या बसस्टँडमागे त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळालेल्या पाणमोटारींत नवी तार भरून देणं हा त्यांचा पोटाचा धंदा आणि हिपहॉपच्या गाण्यांना ठेके बनवून देणं हा जिवाचा. नांदेडपासून लातूरपर्यंत चौकात उभं राहून रॅप करणाऱ्यांपैकी निम्मे तरी कधी ना कधी त्या दुकानात तांब्याच्या तारांच्या ढिगाशेजारी उकिडवे बसून गेलेले आहेत. मीही त्यांतलाच एक. कपबशी, हेल्मेट, गॅसची टाकी, पाहुण्यांचं टक्कल, काहीही समोर आलं की दाजी आधी त्यावर दोन बोटं मारतात, डोळे मिटतात आणि मगच "या, बसा" म्हणतात.

तयार आवाजांचा त्यांना मनापासून तिटकारा आहे. इंटरनेटवर हजारो ड्रम फुकट मिळतात, असं मी एकदा त्यांना सांगितलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कुणाच्या उष्ट्या ताटात हात घातला. "पावणं, गाणं तुमच्या गल्लीचं आन् दणका अमेरिकेतल्या तळघरातला? मंग गल्लीनं मान कामून हलवायची?" मी चळवळीच्या पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून वाढलेला माणूस. आमच्या घरात मला उद्गारचिन्ह आधी आलं आणि अनुस्वार नंतर. तरी इतकी नेमकी घोषणा मला आजवर सुचलेली नाही.

त्यांच्या ठेक्यातला खालचा दणका, ज्याला सगळे किक म्हणतात, तो अहमदपूरच्या मोंढ्यात जन्मला. हमाल पाठीवरून सोयाबीनचं पोतं थप्पीवर टाकतो तेव्हा जो आवाज होतो, तो धरायला दाजी थप्पीच्या बुडाशी मोबाइल घेऊन आडवे झाले होते. एक पोतं पडलं. दाजी म्हणाले, "पुन्हा एकदा. जरा जीव लावून." हमाल म्हणाला, "तुम्ही आसंच पडून ऱ्हावा, मंग बघा कसा जीव लावतो." पण पोत्याच्या आवाजाला नुसतं अंग असतं, टोक नसतं. टोकासाठी एका ठरावीक एसटीच्या दाराचा खटका हवा होता. त्यासाठी ते बाजाराच्या दिवशी मुखेडपर्यंत गेले. दार आपटलं त्याच क्षणी एक मावशी "सरका की वो!" म्हणाल्या आणि त्या मावशी आवाजात कायमच्या बसल्या. दाजी पुढच्या बाजाराला पुन्हा त्याच गाडीनं मुखेडला गेले. "पुन्हा एकदा" हे त्यांचं बोलणं नव्हे, तो त्यांचा स्वभाव आहे. मनासारखा आवाज मिळेपर्यंत त्यांनी कुणाकडूनही, कितीही वेळा, काहीही आपटून घेतलेलं आहे.

निलंग्याला मुलगी बघायला गेले तेव्हाही हेच. थोरली मंडळी शेती, नोकरी, नातीगोती विचारत होती आणि नवरदेवाचं लक्ष आत कुणीतरी धान्याच्या कोठीचं झाकण आपटलं तिकडे. त्यांनी भर बैठकीत विचारलं, "ते झाकण पुन्हा एकदा आपटता का?" मुलीचे मामा उठायलाच निघाले. तेवढ्यात आतून मुलीनंच विचारलं, "हळू का जोरात?" लग्न तिथंच ठरलं. ते झाकण आजही निम्म्या गाण्यांत वाजतं आणि वहिनी प्रत्येक गाण्यात ते बरोबर ओळखतात.

पण दाजींची खरी करामत आवाज धरण्यात नाही, तो बसवण्यात आहे. मी बारा दिवस खपून जे शिकलो नसतो ते त्यांनी मला एका वाक्यात शिकवलं. माझ्या एका गाण्यात दणका ऐकूच येत नव्हता. मी म्हणालो, वाढवा. ते म्हणाले, "वाढवून काय होतंय? किक आन् बेस दोघांनी येकाच शीटवर रुमाल टाकलाय. येकाला उठवा." त्यांनी बेसचा तळ थोडा कापला आणि दणका छातीत येऊन बसला. टाळीचा ठोकाही ते घड्याळाबरहुकूम ठेवत नाहीत, केसभर मागं ओढतात. "वेळेवर येतंय ते मशीन. माणूस जरा उशिरानं येतंय, पण आला की समदे बघत्यात." स्वतः दाजी कुठेही तासभर उशिरा पोचतात, हे इथे सांगायला हवं.

अशा माणसाला माझ्या एका गाण्यानं बेजार केलं. गाणं गावकीवर होतं. आमच्या आजोबा-पणजोबांना गावाची जी कामं जन्मानं चिकटवली होती आणि जी त्यांनी एके दिवशी झटकून टाकली, त्यावर. शब्द झाले, दणका झाला, पण दुसऱ्या ठोक्याचा, स्नेअरचा आवाज मिळेना. दाजींनी पत्रा, पाटी, परात, मोटारीचं झाकण, सगळं बडवलं. महिना गेला. त्यांना नक्की काय हवंय हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. त्यांना हलगी हवी होती.

आणि हलगी त्या घरात येत नव्हती. दाजींचे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, तरुणपणी गावात हलगी वाजवायचे. लग्न असो, मयत असो, सांगावा आला की जायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं, 'पुन्हा वाजव' म्हटलं की पुन्हा वाजवायचं. एके दिवशी त्यांनी ती हलगी चावडीसमोर जाळली, बायकोला घेऊन गाव सोडलं आणि परत कातड्याला हात लावला नाही. दुसरे कुणी आज ती अभिमानानं वाजवतात, त्यांना आबांचा मान आहे. पण आपल्या हातानं नाही. मी दाजींना स्पष्ट सांगितलं होतं, "हलगी आणली तर मी माझे शब्द परत नेईन." दाजी म्हणाले, "मी आणीन आसं वाटलंच कसं तुम्हाला?" आणि पुन्हा परातीकडे वळले. पण त्यांची बोटं मलूल झाली होती. गाणं सोडून द्यावं म्हणून मी वही पिशवीत घातली.

त्या दुपारी आबा जेवणाचा डबा घेऊन दुकानात आले. स्पीकरवर परात वाजत होती.

"हे काय लावलंय? म्हातारं खोकून राहिल्यावानी."

"मिळंना, आबा," दाजी म्हणाले.

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "पावणं, गाणं कशावर हाय?"

मी सांगितलं. आबांनी फळीवरचा वार्निशचा एक रिकामा डबा उचलला, डाव्या दंडाशी धरला. मग वार्निश लावलेल्या मोटारी सुकवायला ज्या पेटीत मोठा बल्ब लावलेला असतो, त्या पेटीपाशी गेले आणि डब्याचं बूड बल्बसमोर धरून सावकाश फिरवू लागले. हलगीचं कातडं ताठ व्हावं म्हणून जाळावर शेकतात, तसं. पत्रा शेकावा लागत नाही, हे आम्हा तिघांच्या एकदमच लक्षात आलं. आबांचा हात थबकला. दाजींनी मान खाली घातली. मग आबाच हसले. "पन्नास सालं झाली," म्हणाले, "हाताला कुणी सांगितलंच न्हाई."

आणि त्यांनी बूड आपल्याकडे वळवून एकच थाप मारली.

तसा आवाज मी पुन्हा ऐकलेला नाही. फळीवरचे नट थरथरले. दाजींचं आवाज धरायचं यंत्र चालू होतं, पण डोक्यावरचा पंखाही चालू होता आणि त्याची घरघर त्या थापेत पुरती मिसळली होती. मला दिसलं, दाजींच्या ओठांवर ते दोन शब्द आले. मुखेडला दोनदा जाणारा, भर बैठकीत सासुरवाडीला झाकण आपटायला लावणारा माणूस. आबांनाही ते दिसलं असावं. डबा हातातच होता. ते वाट बघत होते की काय, मला अजून कळलेलं नाही.

दाजी म्हणाले, "बास, आबा. जेवून घेऊ."

गाण्यात तीच एक थाप आहे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, केसभर मागं ओढलेली. पंख्याची घरघर काढायचं तंत्र दाजींना येतं, पण त्यांनी ती काढली नाही. गाणं आबांना ऐकवलं तेव्हा त्यांनी पूर्ण ऐकलं आणि एवढंच म्हणाले, "पंखा तेवढा बंद करायचा व्हता रे."

परवा दुकानात गेलो होतो. दाजींनी माझ्या नव्या चष्म्याच्या डबीवर दोन बोटं मारली, डोळे मिटले, मग "या, बसा" म्हणाले. हल्ली आबांना गुडघ्यांमुळे दुकानापर्यंत येणं होत नाही. वार्निशचा डबा फळीवर तिथंच आहे, त्याच्यावर धूळ बसली आहे, आणि उभ्या मराठवाड्याला थप्पड मारून पाहिलेल्या या माणसानं त्याला अजून बोट लावलेलं नाही.