आवडाबाईच्या गाडीचा चौथा बोल्ट

आमच्या कोपरला काळुरामाने लोहारकामाचा भाता टाकला तेव्हा कल्याणपर्यंत आगगाडी येऊन पंचवीस-तीस वर्षं उलटली होती. खाडीकाठी मिठागरं, आणि मिठाची हवा लागली की लोखंड गंजणारच, त्यामुळे त्याच्या धंद्याला तोटा नव्हता. तोटा होता तो त्याच्या जिभेला लगाम घालणाऱ्याचा.

त्याआधी तो कल्याणला रेल्वेच्या कामावर होता. तिथे साहेबाशी वाजलं आणि त्याने नोकरी सोडली. जाऊ नकोस म्हणून साहेब माझ्या हातापाया पडला, असं तो सांगे. साहेबाचे गुडघे वाकत नाहीत हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण ऐकायला बरं वाटायचं.

त्याची खरी बढाई बोल्टांची. गंजून लाकडात रुतलेला बोल्ट काळुरामाच्या हातात तुटत नाही, सबंध निघतो, हे तो दिवसातून दोनदा तरी ऐकवी. तुटलेले तो गुपचूप खाडीत फेकत असे, तो भाग वेगळा. पण हात खरंच चांगला होता. आल्याआल्या घण घालायचा नाही. आधी गंज खरवडायचा, घासलेट आणि खोबरेल एकत्र करून पाजायचं, वर चिंधी बांधून ठेवायची. मग नट तापवायचा आणि सोडण्याआधी पान्याने किंचित आवळायचा. उलटं कशाला आवळतोस म्हणून कोणी विचारलं तर म्हणे, हट्टी माणसाला आधी हो म्हणावं लागतं.

एवढं शहाणपण त्याला सासूपुढे मात्र सुचत नसे. सासू म्हणजे आंबिवलीची आवडाबाई. तिने लेक दिली होती रेल्वेतल्या माणसाला, आणि जावई निघाला भाता फुंकणारा. लेक शालू बाळंतपणाला माहेरी गेली, मुलगा झाला, बारसं झालं, पोर पालथं पडायला लागलं, तरी आवडाबाई तिला पाठवायचं नाव काढीना. आमच्याकडे पहिलटकरणीची पाठवणी माहेरच्या गाडीतूनच करतात. आणि आवडाबाईची गाडी चाकांची आस वाकून परसात पडली होती. आगगाडीने नेतो म्हटलं, तर तिने कानावर हात ठेवले. तान्ह्या पोराला त्या धुरात घालायचं नाही, म्हणाली.

मग काळुरामाने सगळ्या कोपरला ऐकू जाईल असं जाहीर केलं, की गाडी मीच दुरुस्त करतो आणि बायको-पोराला घेऊन येतो.

गाडी होती आवडाबाईचा वारलेला नवरा गोविंदा याची. पुलाच्या कामावरून मोडीत निघालेला तो खटारा त्याने घेतला आणि जन्मभर त्यातून मीठ वाहिलं. लोखंडी आस चार बोल्टांनी लाकडाला आवळलेली. वर्षानुवर्षं मीठ झिरपून बोल्टांना गंजाचे पापुद्रे सुटले होते. काळुरामाने नवी आस घडवून नेली आणि कामाला लागला. पहिला बोल्ट निघाला. दुसरा निघाला. तिसऱ्याचं डोकं तुटलं, तेव्हा तो आधीपासूनच मेलेला होता असा निकाल देऊन त्याने तो सुंभ्याच्या बोथट टोकाने ठोकून बाहेर काढला. आंबिवलीला फेकायला खाडी जवळ नव्हती, म्हणून खिशात टाकला.

चौथ्यावर शेंदराचं बोटभर जाड पूट होतं. दर दसऱ्याला गोविंदा त्याच बोल्टाला शेंदूर लावून गाडीची पूजा करी. आवडाबाईने बजावलं, याला घण लावायचा नाही, विस्तव लावायचा नाही, धन्याच्या हातचं आहे. आणि हा निघायचाही नाही, असंही वर सांगून टाकलं. सासूच्या तोंडून ही भविष्यवाणी ऐकून काळुरामाला चेव आला. त्याने नखाने शेंदूर टोकरला.

पूट टोपीसारखं अख्खं सुटून हातात आलं. आत गंजाचा कणही नव्हता. आटे चकचकीत होते आणि त्यांना खोबरेलाचा वास येत होता. त्याने नुसत्या अंगठ्याने दाबलं तर नट अर्धा वेढा फिरला.

काळुरामाने मान वर केली. समोर ओट्यावर आवडाबाई पाय पसरून बसली होती आणि पायांवर नातवाला घेऊन त्याला तेल चोळत होती. ती गाडीकडे मुद्दाम बघत नव्हती. तोंडाने काहीबाही गुणगुणत होती, आणि पोराचा तोच तो पाय पुन्हापुन्हा चोळत होती. तिच्यामागे लेक गेली की रिकामं होणारं घर होतं.

 काळुरामाने नट अर्धा वेढा परत फिरवला, शेंदराची टोपी होती तशी बसवली आणि कपाळावर नसलेला घाम पुसला.

"मामी, ह्यो काय आज निंघत नाय. आजून तेल प्यायला पायजे त्याला."

पाण्याचा तांब्या घेऊन आलेली शालू हे सगळं बघत होती. तिनेच पुढे माझ्या बायकोला सांगितलं, म्हणून हे मला कळलं. नवरा खोटं बोलतोय याचं तिला नवल वाटलं नाही. स्वतःची हार होईल असं खोटं तो बोलतोय, याने मात्र तिच्या डोळ्यांना पाणी आलं.

काळुराम एकटाच कोपरला परतला. इथे त्याची जी सालं काढली गेली, ती विचारू नका. कोणी म्हणालं, बोल्टानेच काळुरामाला काढला. भंडारी आळीतला पंढरी रोज भात्यावर येऊन आंबिवलीच्या शेंदरी देवाची खुशाली विचारी. एरवी एकाला दहा ऐकवणारा काळुराम भाता ओढत राही. दर बाजाराच्या दिवशी आंबिवलीला जाई, बोल्टापाशी बसून जोर लावल्यासारखं करून थोडा वेळ कण्हे, पोराला खेळवी, सासूच्या हातचं कालवण खाई आणि हात हलवत परत येई. त्याचं घर त्या दिवसांत ओकंबोकं होतं, आणि ते त्याला सोसत नव्हतं हे आम्हाला दिसत होतं.

असं दीड-दोन महिने चाललं. मग एका बाजारच्या दिवशी तो गाडीखाली शिरून कण्हायला लागला, तशी आवडाबाई पदर खोचून आली आणि त्याच्या शेजारी बसली. तिने शेंदूर बाजूला केला, दोन बोटांनी नट फिरवला आणि बोल्ट काढून त्याच्या हातात दिला.

"पुरे झालं, काळुराम. थापा बऱ्या मारतोस, पन कन्हायला तुला येत नाय."

धनी गेल्यापासून दर दसऱ्याला आपणच तो काढतो, तेल घालतो आणि शेंदूर लावून परत बसवतो, हे तिने मग सांगितलं. पोरगी गेल्यावर घरात बोलायचं कुणाशी, एवढंच म्हणून ती उठली आणि लेकीचं गाठोडं बांधायला लागली.

नवी आस बसवता बसवता काळुराम म्हणाला, मामी, तू बी चल. आईने लेकीच्या घरी राहायचं नसतं, असं ती म्हणाली. पण पाठवणीला कोणीतरी सोबत लागतंच, तेव्हा पोचवून येते म्हणून बसली गाडीत, आणि सरळ दिवाळीपर्यंत राहिली.

ती आल्याच्या दुसऱ्या दिवशी पंढरी नेहमीप्रमाणे भात्यावर आला. काय रे, शेवटी कुठला खरा लोहार आणून बोल्ट काढलास, असं त्याने चारचौघांत विचारलं.  नातवाला कडेवर घेऊन आवडाबाई दारात उभी होती, ती पुढे आली.

"बोल्ट त्यानं पयल्याच दिशी काढलेला. माज्यासाटी परत बसवला," ती म्हणाली. "तुज्यात हाय का तेवढी ताकद?"

 काळुरामाने मान खाली घालून भाता ओढायला घेतला, पण भट्टीत कोळसा घालायचंच तो विसरला होता.