स्क्रू बसला तर

शाळेच्या बसचा ड्रायव्हर मनाने वाईट नव्हता, पण राग कायम नाकाच्या शेंड्यावर. दुकानासमोर बस लावण्यावरून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजोबांशी त्याची बाचाबाची झाली. ह्याने रागात ढकललं आणि म्हातारा उजव्या मनगटावर आपटला. झालं, मारहाणीचा खटला! गुन्हा शाबीत झाला की शाळा ह्याला दारातसुद्धा उभं करणार नव्हती.

वकीलबाईंनी वाट दाखवली. “गुन्हा किरकोळ आहे. नुकसानभरपाई द्या. आजोबा राजीखुशीने हो म्हणाले, तर कोर्ट खटला मिटवेल.”

गडी तडक दुकानात. “आजोबा, चुकलो. काय भरायचं ते सांगा.”

“आत्ता कसं सांगू?” आजोबांनी पट्टी बांधलेला हात पुढे केला. “ही सुटू दे. बायकांच्या घड्याळातला बारीक स्क्रू बसवता आला, तर दवाखान्याचा खर्च आणि बुडालेल्या कामाचं नुकसान भर. नाही बसला तर माझा धंदाच गेला. तो तू कुठून भरून देणार? मग तडजोडीच्या कागदावर सही नाही.”

बोलणं रोखठोक होतं, पण खोटं नव्हतं. तेव्हापासून मुलांना शाळेत सोडलं की ड्रायव्हर दुकानाचं शटर उघडायचा, केर काढायचा. त्याच्या बायकोला हे कळलं तेव्हा तिने कपाळावर हात मारला. “घरात कधी केरसुणीला हात लावलात का हो?”

पट्टी सुटली. आजोबांनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्यात स्क्रू धरला. तो निसटला. दुसऱ्यांदाही तेच. ड्रायव्हर मागून आणखी जवळ वाकला.

“अरे, मानेवर काय फुसफुसतोस? तुझ्या श्वासाने उडतोय तो! हो बाहेर!”

बाहेर तो रस्त्याकडे तोंड करून उभा राहिला. मागे वळून बघायची हिंमत नव्हती. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, “ये रे. बसला.”

तो पायरीवरच बसला आणि हमसून हमसून रडला.

कोर्टात न्यायाधीशबाईंनी विचारलं, “आजोबा, सहीसाठी ह्यांनी दबाव आणला का?”

“ह्याचा कसला दबाव? मी नुसता खोकलो तरी हा पाणी घेऊन धावतो!”

भरपाई दिली गेली, खटला मिटला. बाहेर आल्यावर ड्रायव्हरने हात जोडले. “आजोबा, तुमच्यामुळे माझं घर वाचलं. हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.”

आजोबांनी उजवा हात पुढे केला. ड्रायव्हरने तो काचेचा असावा तसा जेमतेम धरला.

“घट्ट धर की,” आजोबा म्हणाले. “दुखत नाही आता.”